पाच जणांचा बँड आणि आमची खंडेनवमी

फिलिपिन्स नावाचा देश आहे हे मला एका काळ्या पेटीमुळे कळलं. पेटी म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. गिटारची तार छेडली की आवाज तिच्यातून दहापट होऊन बाहेर पडायचा. दापोडीला गॅरेज चालवणारे एक भाई आमच्या ह्यांचे दोस्त. त्यांनी ती टेम्पोतून आणली, आमच्या पिंपळे गुरवच्या घराच्या पडवीत उतरवली आणि म्हणाले, "वहिनी, जरा जपून बरं का. हिच्यावर पाच माणसं जेवतात."

ती पाचही माणसं टेम्पोच्या फाळक्यावरून उड्या मारून खाली आली. चार भाऊ आणि एक बहीण. सगळ्यांचे केस खांद्यापर्यंत, सगळ्यांच्या पँटी खाली घागऱ्यासारख्या. आमच्या सासूबाईंनी कपाळावर हात आडवा धरून बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ह्यातली पोरगी कंची गं?"

"हळू बोला ना आई."

"त्यास्नी काय कळतंय!"

त्यांना नाही कळलं, पण भाईंना कळलं, आणि ते टेम्पोच्या आडोशाला जाऊन हसत उभे राहिले.

आमचे हे पिंपरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते. पाळी सुटली की पडवीत बसून गावाचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्या काळी आमच्याकडची वीज म्हणजे एक तापच होता. आत्ता दिवा मिणमिणतोय तर घटकेत डोळे दिपतील असा भडकतोय. अशाच एका भडक्यात त्या पेटीतलं काहीतरी जळलं होतं. ह्यांनी तीन दिवसांत ती बोलती केली. मग दर महिना-दोन महिन्यांनी पेटी यायची, आणि पेटीबरोबर थोरला भाऊ यायचा.

थोरला गिटार वाजवायचा. बँड उभा केला तोही त्यानंच. ह्यांचं इंग्रजी रेडिओच्या पुस्तकातलं, त्याचं हिंदी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांकडून शिकलेलं, आणि मधे दुभाषे आमचे भाई. अशा तिहेरी बोलण्यातून मला त्यांची सगळी कथा कळत गेली. मी आपली चुलीपाशी बसून कान तिकडे ठेवायची. त्यांच्या गावाजवळ परदेशी सैनिकांचा तळ होता. तिथल्या रेकॉर्डी ऐकून ऐकून ही भावंडं रॉक शिकली, वही नाही की मास्तर नाही. बहीण गायची, ती चौदाची असल्यापासून. आधी त्या तळावर वाजवलं, मग हाँगकाँगला, मग कलकत्त्याला. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात तर दोन वर्षं दारात त्यांचा फोटो लावलेला असायचा. तो फोटो घडी घालून थोरल्याच्या पाकिटात होता. त्यात पाचही जण हसतायत आणि मागे कारंजं.

मुंबईच्या हॉटेलानं दुसरा बँड आणला, म्हणून ही भावंडं पुण्याला आली. पुण्याच्या हॉटेलात लोक जेवायला यायचे, नाचायला नाही. "लोग बोलता है, थोडा धीरे, हमको बात करना है," थोरला सांगायचा. त्याला सगळ्यात जास्त तेच लागायचं. त्याचा हात सदानकदा आवाजाच्या बटणावर. धाकट्या भावंडांशी भांडणं व्हायची तीही त्याच्यावरूनच. बहीण म्हणायची, तू एवढा आवाज चढवतोस की मी गाते ते मलाच ऐकू येत नाही.

एकदा ह्यांच्या ओळखीनं कंपनीत त्यांचा कार्यक्रम झाला. थोरल्यानं पहिलाच ठोका असा दिला की बायकांच्या मांडीवरची पोरं रडायला लागली. पुढे बसलेला एक कामगार मोठ्यानं म्हणाला, "अरे राव, प्रेस शॉपमध्ये आठ तास हेच ऐकतो, तिथं निदान ओव्हरटाइम तरी मिळतो!" सगळी सतरंजी हसली. पण शेवटी बहिणीनं एक हिंदी गाणं म्हटलं. शब्द तिनं इंग्रजी अक्षरांत हातावर लिहून आणले होते. तिला अर्थ कळत नव्हता, तरी बायकांनी पुन्हा म्हणायला लावलं.

ती आमच्याकडे यायची ती सुकटीसाठी. शेजारी कोकणातलं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडून मी सुकट आणायची आणि भाताबरोबर तिला वाढायची. ती हातानं जेवायची, आमच्यापेक्षा नेटकी. सासूबाई तिच्याकडे बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "माय कुठं हिची, आन ही कुठं." माय तिकडे, तिच्या देशात. पाचांच्या मिळकतीकडे डोळे लावून बसलेली.

मग एका वर्षी, नवरात्राच्या जरा आधी, थोरला एकटाच आला. चेहरा उतरलेला. पुण्याच्या हॉटेलानं त्यांना नोटीस दिली होती; बँडच्या जागी रेकॉर्डी लावायचं मशीन येणार होतं. त्यात त्यांच्या राहण्याच्या कागदांची मुदतही संपत आलेली. एकच आशा होती. बोटीवरच्या हॉटेलांसाठी बँड ठरवणारा मुंबईचा एक एजंट पुण्यात एका दिवसासाठी येणार होता. तो ऐकायला तयार होता, पण ऐकवायचं कुठं? हॉटेल तर स्टेज द्यायला तयार नाही. तेव्हा आमच्या ह्यांनी शब्द टाकला आणि खंडेनवमीच्या संध्याकाळी कंपनीच्या मैदानावर कामगारांच्या घरच्यांसाठी कार्यक्रम असतो, त्यात त्यांचा बँड लावून घेतला. एजंट तिथं येणार होता.

"हो गया तो पाँचों साथ," थोरला म्हणाला. नाही झालं तर काय, ते त्यानं सांगितलं नाही. भाईंनी नंतर सांगितलं. पाचांची तिकिटं निघण्याइतकी कुवत नाही, मग जो तो मिळेल त्या वाटेनं जाणार. कोण कुठे, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पेटी दोन दिवस आधी आमच्याकडे आली. ह्यांनी ती उघडून साफ केली, एक व्हॉल्व्ह बदलला, वाजवून बघितली आणि खंडेनवमीला सकाळी पहिल्या पाळीला जाताना मला सांगून गेले, "भाई तीनला येतील. पेटी द्यायची. दुसरं काही करायचं नाही."

दुसरं काही करायचं नाही! आता खंडेनवमी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांना सांगायला नको. कंपनीत मशिनी पुसून, हार घालून, नारळ फोडून बंद ठेवतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. घरोघरी तेच. आम्ही पाटावर विळा, कोयता, कुदळ, ह्यांचा मीटर, पक्कड, पेचकस सगळं मांडलं. सासूबाईंची नजर पेटीवर गेली.

"आन ही?"

"ती त्यांची आहे, आई. तीनला न्यायचीय."

"त्येंची आसंल. पोट भरतीय न्हवं त्येंचं? मग हत्यारच हाय की. समद्यांची पूजा करायची आन पाहुण्याच्या हत्याराला तसंच कोपऱ्यात ठिवायचं?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. आजच तर त्या पेटीची गरज होती. मी झेंडूचा हार केला, पेटीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग नारळ फोडायला कोयता घेतला. नेहमी मी तांब्यावर धरून फोडते. त्या दिवशी तांब्या पेटीला टेकून ठेवलेला आणि नारळ कसला जून, पहिल्याच घावात दुभंगला. पाणी तांब्यात कमी आणि पेटीवर जास्त. पेटीच्या वरच्या अंगाला वारा खेळायला फटी होत्या. मी पदरानं पुसेपर्यंत पाणी त्यातून आत गेलं होतं.

सासूबाई आत देवापाशी होत्या. त्यांनी बघितलं नाही. मी पेटीला कान लावला. आत कुठंतरी थेंब पडल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा एकदा.

त्यानंतर तीन वाजेपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मलाच माहीत. पुरणाच्या पोळ्या लाटल्या त्या सगळ्या फाटल्या. एकदा वाटायचं, वाळेल की उन्हानं. पण पूजेतली वस्तू उन्हात कशी ठेवू? एकदा वाटायचं, काहीच बोलू नये, जुनी पेटी, बिघडलीच तर म्हणतील विजेमुळे बिघडली. हा विचार माझ्या मनात आला होता, तो मी लपवत नाही. विजेला नावं ठेवायची आम्हाला सवयच होती.

तीनला भाई आले, बरोबर थोरला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडवीत पेटीला हार बघून तो थबकला, मग चपला काढून समोर बसला आणि हात जोडले. भाई पेटी उचलायला वाकले तशा सासूबाई आडव्या आल्या.

"न्हाई. पूजेला बसवल्यालं आज हलवायचं न्हाई. उद्या."

"आई, उद्या बोट जाईल ह्यांची!" भाई म्हणाले.

"जाऊ दे. हत्यार आज इसावा घेतंय."

"अहो आई, पण ते त्यांचं हत्यार. त्यांचा देव वेगळा, त्याला चालतं."

"पूजा माझ्या घरात झालीया का त्येंच्या देवाच्या?"

भाई काकुळतीला आले, थोरला एकदा सासूबाईंच्या तोंडाकडे एकदा भाईंच्या तोंडाकडे बघतोय, आणि माझ्या मनात असं आलं की सासूबाईंनी अडवूनच धरावं. पेटी गेलीच नाही तर माझं पाणी कुणाला कळणार नाही. पण मग पाच माणसांचं काय?

मी म्हटलं, "भाई, पेटीत नारळाचं पाणी गेलंय. माझ्या हातून. बटण दाबू नका तिचं."

भाईंनी ते हिंदीत सांगितलं.  थोरल्यानं हळूच हार काढला, पेटी तिरकी केली, आणि फटीतून कुंकवानं तांबूस झालेलं पाणी पडवीत सांडलं. सासूबाईंनी ते बघितलं. मग त्यांनी स्वतः चार अक्षता पेटीवर टाकल्या, तिला जागची जराशी सरकवली आणि म्हणाल्या, "झाली उत्तरपूजा. घ्या, करा काय करायचं ते."

साडेतीनला पाळी सुटली तसे हे आले, हातात कंपनीचे पेढे. मी दारातच सगळं सांगितलं.  ह्यांनी पेढे खाली ठेवून पेटी उघडली. व्हॉल्व्ह एकेक काढून पुसले, आधी साध्या पाण्यानं, मग स्पिरिटनं, कारण नारळाचं पाणी चिकट. आत शंभरचा दिवा लावून ऊब दिली. शेजारच्यांचा टेबल फॅन आणून लावला. पाच वाजले तरी ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवर ओल होतीच.

"चलेगा?" थोरल्यानं विचारलं.

"हळू वाजवलं तर चालेल," हे म्हणाले. "निम्म्यावर ठेव. चढवलंस तर जाईल."

निघताना थोरला माझ्यापाशी आला. म्हणाला, माझ्या बहिणीला सांगू नका. भावांनाही नको. ती घाबरली की तिचा सूर जातो. आज तिला काहीच माहीत नको. मी मान हलवली.

मैदानावर मी बायकांत बसले होते. एजंट पुढे खुर्चीवर, पायावर पाय टाकून, डायरी उघडी. पहिलं गाणं नीट झालं. दुसरंही. थोरल्याचा हात बटणाकडे जात नव्हता, हे मी तीन सतरंज्या मागून बघत होते. एवढं हळू वाजवताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या गाण्यात बहिणीचा आवाज वर चढला आणि पेटीतून कढईत पाणी पडल्यासारखा आवाज आला. चर्रर्र. मग भोंगा वाजल्यासारखी एक लांब किंचाळी. लोकांनी कान झाकले. मागून कुणीतरी ओरडलं, "शिफ्ट सुटली रे!" आणि हशा पिकला. पेटी बंद पडली.

बहिणीनं माईक खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर थोरल्यावर ओरडली. त्यांच्या भाषेत ओरडली, पण हाताची खूण बटणाकडे होती, तेव्हा काय म्हणतेय ते कळायला भाषा लागत नव्हती. आजसुद्धा चढवलास ना आवाज! धाकटे भाऊही तोंड फिरवून उभे. थोरला गप्प उभा राहिला. त्यानं एकदाही आमच्या बाजूला बघितलं नाही.

मी उठून सांगायला हवं होतं. गेले असते तर पन्नास पावलं होती. मी पदर तोंडाला लावून तिथंच बसून राहिले. शेजारची बाई म्हणत होती, "बाई बाई, बहीण म्हणायची का वाघीण," आणि मी त्यावर हूं केलं.

बहिणीनं पेटीवाचून, कंपनीच्या कर्ण्यावर एक गाणं म्हटलं. एजंट तेवढं ऐकून गेला. आठवड्यानं त्याचं पत्र आलं: बोटीवर फक्त गाणारी हवी.

ती गेली ती थोरल्याशी न बोलता. दोन धाकटे कसेबसे मायदेशी गेले, तिसरा मुंबईला कुणाच्या तरी बँडमध्ये. दहा-बारा वर्षं एकत्र वाजवलेला बँड पंधरा दिवसांत विरून गेला. थोरला कलकत्त्याला निघाला तेव्हा आमच्याकडे जेवायला आला. जेवण उरकल्यावर मी विचारलं. भाईंना म्हटलं, नीट विचारा, माझ्या नारळामुळे झालं का हे?

तो हसला. म्हणाला, नाही नाही, बहेन. एजंटानं मला आधीच लिहिलं होतं, फक्त मुलगी पाहिजे. मी बाकीच्यांना सांगितलं नव्हतं इतकंच. मला वाटलं, ऐकल्यावर त्याचं मन बदलेल. पेटी चांगली असती तरी असंच झालं असतं.

मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले असेन. हे मात्र उठून पडवीत जाऊन बसले.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं पत्र आलं, कुठल्याशा बंदरातून. ह्यांनी वाचायला घेतलं. बोट लागते, ओकाऱ्या होतात, सुकट मिळत नाही, सासूबाईंना नमस्कार. मग हे वाचता वाचता थांबले आणि एकदम शेवटच्या ओळीवर गेले.

"मधलं काय राहिलं?"

"काही नाही गं."

"अहो, वाचा."

त्यांनी वाचलं. तिनं लिहिलं होतं, एजंट अजून मला टोमणे मारतो. त्यानं पाच जणांच्या खाटा राखून ठेवल्या होत्या, तुझ्या भावाला आवाजाची हौस नडली म्हणतो. मी भावाला पत्र लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

म्हणजे थोरला माझ्या ताटावर बसून, माझं वाढलेलं खाऊन, माझ्यासाठी खोटं बोलला होता.

"उत्तर लिहा," मी म्हटलं.

"लिहू की सावकाश."

"आत्ता लिहा. पेटीत पाणी मी सांडलं म्हणून लिहा. त्यानं बटणाला हात लावला नव्हता म्हणून लिहा. मी डोळ्यांनी बघत होते."

"अगं, त्यानंच सांगू नका म्हटलं होतं. त्याचा शब्द मोडायचा?"

"तो शब्द त्या संध्याकाळपुरता होता. तिचा सूर जाऊ नये म्हणून. आता कुठला सूर राखायचाय?"

सासूबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माजं बी नाव घाल त्यात. नारळ तिनं फोडला, पर पेटी पूजेला बसवायचं माज्या डोस्क्यातनं निघालं."

हे लिहायला बसले. खंडेनवमीपाशी अडले. "हत्यारांची पूजा म्हणून लिहू कसं? ती म्हणेल, घरात बंदुका ठेवतात का काय हे लोक." शेवटी लिहिलं की आमच्याकडे वर्षातून एकदा ज्याच्यावर पोट चालतं त्या वस्तूला नमस्कार करतात, आणि तुमची पेटी आमच्याकडे होती म्हणून आम्ही तिलाही केला. मी ते पुन्हा वाचून घेतलं. खाली थोरल्याचा कलकत्त्याचा पत्ता घातला, भाईंकडून आणलेला. सही माझी, मराठीत. दुसऱ्या दिवशी स्वतः दापोडीच्या पोस्टात जाऊन टाकलं, कारण हे विसरतील अशी भीती.

उत्तर आलं नाही. पावसाळा गेला. पोस्टमनची सायकल वळली की मी दारात, आणि तो लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. बोट कुठं असेल, पत्र तिला मिळालं असेल का, मिळालं तर ती माझ्यावर चिडली असेल का, हे माझं रोज चालायचं. चिडली तर चिडू दे, पण त्याला तरी लिहू दे, एवढंच वाटायचं.

मग एकदा भाई टेम्पो घेऊन आले, कुणाचा तरी पंखा दुरुस्तीला द्यायला. पंखा ठेवून निघता निघता म्हणाले, "वहिनी, कलकत्त्याहून पत्र आलंय मला. थोरल्याचं."

"काय म्हणतो?"

"एका हॉटेलात वाजवतो, तब्येत बरी आहे. आणि बहिणीचं पत्र आलं म्हणतो, बोटीवरून. चार पानी."

"काय लिहिलंय तिनं?"

"ते नाही लिहिलं त्यानं."

भाई म्हणाले, विचारू का? मी म्हटलं, नको. आणि त्यांना चहाला थांबवलं.